अवतरणातली बातमी

आमच्या गावच्या भोंग्यानं आबांच्या मरणाची बातमी दिली, तेव्हा आबा नांदेडच्या दवाखान्यात पलंगावर बसून चहात बिस्कीट बुडवत होते. आबा म्हणजे माझे आजोबा, वडलांचे वडील. आणि भोंगा जे बोलला ते मी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळं बोलला. हे गावात लहानथोरांना माहीत आहे, मी काही झाकलेलं उघडून दाखवतोय असं नाही. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात अजून कुणी रस्त्यात भेटलं की विचारतं, "काय मालक, आज कुणाला मारायलात?" मी हसतो. दुसरं करणार काय?

मी एका कंपनीचं काम घरी बसून करतो. दिवसभर लॅपटॉप मांडीवर, कानात हेडफोन. त्यामुळं गावाचा समज असा की, हे पोरगं लई मोठं विद्वान आहे. खोटं कशाला बोला, माझाही तोच समज होता. ग्रामपंचायतीत माईकवर पुकारणारा शिपाई रिटायर झाला आणि नवीन माणूस काही येईना, तेव्हा सरपंच मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, काहीतरी जुगाड कर की." मी एक जुना कॉम्प्युटर पंचायतीत नेऊन ठेवला, तो अँप्लिफायरला जोडला आणि पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. सरपंच, ग्रामसेवक, मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढ्यांनाच परवानगी. आमच्यापैकी कुणी मोबाईलवरून एक ओळ पाठवली की कॉम्प्युटर बाईच्या आवाजात ती मराठीत वाचून दाखवायचा आणि छतावरचा भोंगा ती सगळ्या गावाला ऐकवायचा.

ओळ लिहायची पद्धत सोपी ठेवली होती. आधी 'बोल' हा शब्द, मग दुहेरी अवतरणचिन्हात मजकूर, मग किती वेळा बोलायचं तो आकडा. आकडा नाही दिला तर मशीन आपोआप तीन वेळा बोलणार. आमच्याकडं दवंडीच्या काळापासून कुठलीही खबर तीनदा सांगतात. पहिल्यांदा अर्धं गाव "काय म्हणला, काय म्हणला" करत असतं.

आता यातली गोम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मशीनला एक सबंध ओळ मिळते. त्या ओळीचे तुकडे मशीनला पाडावे लागतात. हुकूम कोणता, मजकूर कोणता, आकडा कोणता. मोकळी जागा आली की नवा तुकडा, असा नियम केला तर मजकुराचेच तुकडे होतात, कारण माणसं शब्दांमध्ये जागा सोडतातच. म्हणून दुसरा नियम, की अवतरणचिन्हाच्या आत जे असेल तो सगळा एकच तुकडा. ते चिन्ह म्हणजे मजकुराभोवतीचं कुंपण. पण मजकुरातच कुणी ते चिन्ह वापरलं तर? तर त्याला आधीच खूण करून ठेवावी लागते, की बाबा हे कुंपण नाही, आतलंच अक्षर आहे. ज्यांचे हात या कामात पोळलेत त्या लोकांनी यासाठी तयार हत्यार करून ठेवलेलं आहे. पायथनसोबत ते फुकट येतं. एका ओळीत मागवायचं आणि वापरायचं.

मी ते वापरलं नाही. माहीत नव्हतं असं नाही. कंपनीत कुणी असं केलं असतं तर मीच त्याला चारचौघांत झापलं असतं. पण हे गावाचं काम होतं. गावाला काय कळतंय, चालतंय की, असं म्हणून मी बसल्या बैठकीत स्वतःच तुकडे पाडणारी चार वाकडीतिकडी वाक्यं लिहिली. पहिला तुकडा हुकूम, दुसरा मजकूर, तिसरा आकडा. त्यापुढं काही शिल्लक राहिलं, किंवा आकड्याच्या जागी भलतंच काही आलं, तर ते गुपचूप टाकून द्यायचं. तक्रार करायची नाही, विचारायचं नाही. गावासाठी म्हणून मी माल असा हलका वापरला, याची मला त्या चुकीपेक्षा जास्त लाज वाटते.

सुरुवातीचे महिने झकास गेले. नळाला पाणी कधी येणार, रेशन कधी, कुणाची म्हैस सुटली, लसीकरण कुठं. बायाबापड्या मला थांबवून म्हणायच्या, "लई गोड बोलती बग तुजी बाई." मी वर मान करून फिरायचो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे, अखेरीला ठरलं. आधी एक जागा पत्रिकेवरून फिसकटली, दुसऱ्या ठिकाणी तर सुपारी फुटल्यावर पाहुण्यांनी अंग काढून घेतलं. ती वर्षभर कुणाच्या लग्नाला गेली नाही. बाया कुजबुजतात म्हणून विहिरीवरच्या देवीलासुद्धा जायची बंद झाली. आता देवणी तालुक्यातलं चांगलं घर मिळालं होतं, मुलगा स्वभावानं सरळ, आणि दोघं फोनवर तासतासभर बोलायचे. मुहूर्त मिळाला तो चातुर्मासाआधीचा शेवटचा. तो चुकला तर थेट दिवाळीनंतर, आणि तोवर पाहुणे थांबतील याची कुणालाच खात्री नव्हती.

लग्न आठवड्यावर आलं आणि आबांच्या छातीत कफ भरला. अँब्युलन्स दारात आली, ऑक्सिजन लावून त्यांना नांदेडला नेलं, काका सोबत गेला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, पण निघतील यातून. घरात मात्र कुणी उघड बोलत नव्हतं, पण मनात एकच हिशेब. आबा गेले तर सुतक. सुतक आलं तर लग्न गेलं. आई देवापुढं हात जोडायची तेव्हा ती आबांसाठी मागायची का लग्नासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

गाव कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या दिवशी सलूनमध्ये, पारावर, पिठाच्या गिरणीत एकच चर्चा. "म्हातारा कवाच गेला, लगीन होईस्तोवर झाकून ठेवलेत." हे अण्णांच्या कानावर आलं. अण्णा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले रिटायर गुरुजी. पूर्णविराम न देता लिहिलेलं लग्नाचं कार्डसुद्धा ते लाल पेनानं दुरुस्त करून ठेवतात. त्यांचं डोकं तापलं. सकाळी काकाला फोन लावून आबांचा आवाज ऐकला, खात्री करून घेतली, आणि तसेच पंचायतीसमोर उभे राहून त्यांनी मोबाईलवर ओळ लिहिली. आधी 'बोल'. मग दुहेरी अवतरणात आबांचं पूर्ण नाव आणि 'यांचे निधन झाले'. अवतरण संपवून पुढं, ही निव्वळ अफवा असून त्यांची प्रकृती उत्तम आहे, ग्रामस्थांनी विश्वास ठेवू नये. व्याकरणानं बघाल तर एक काना-मात्रा इकडची तिकडं नाही. दुसऱ्यांचं बोलणं अवतरणात घालायचं हे त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. आणि मजकुराला चिन्ह द्यायचं हा माझा नियमही त्यात आला, असंच त्यांना वाटलं.

माझ्या प्रोग्रॅमनं चिन्हाच्या आतलं तेवढं उचललं. पुढचा तुकडा आकडा नव्हता, म्हणून तीन वेळा धरलं. बाकीचं सगळं टाकून दिलं.

मी तेव्हा घरी ओसरीत होतो. आई आणि शेजारच्या दोघीजणी रुखवताचं सामान पुसून टोपल्यात भरत होत्या. बहीण बांगड्या मोजून घेत होती. भोंगा खरखरला आणि बाईचा आवाज आला. आबांचं नाव, आडनाव, गाव. यांचे निधन झाले.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून कानकोंडं होतं. मला खरंच वाटलं की आबा गेले. काकाचा फोन पंचायतीत आला असेल, असं वाटलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात जे पहिलं आलं ते हे, की आवाज आज किती स्वच्छ आलाय. आदल्या दिवशीच मी वायर बदलली होती. ज्यांच्या खांद्यावर बसून मी लोह्याचा बाजार बघितला, तो माणूस गेला असं ऐकून मला वायर आठवली.

भोंगा दुसऱ्यांदा बोलला. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती म्हणाली, "आता कसं वं व्हायचं लगनाचं?" शेजारीण म्हणाली, "पाव्हण्यायला कळवाव लागंल." आणि बहीण भिंतीला टेकून खाली बसली. तोंडात ओढणीचा बोळा कोंबून ती रडायला लागली, पाठ गदागदा हलत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "दादा, माझंच का रे दरवेळी? माझ्याच नशिबात का?" आबांचं नाव तिच्या तोंडात आलं नाही. आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात आलं नाही. भोंगा तिसऱ्यांदा बोलला तेव्हा त्या घरात आबांचं नाव फक्त तोच घेत होता.

मग अण्णा पळत आले. पायात एकच चप्पल. "बंद कर ते, बंद कर, आबा जिते हायत," एवढंच त्यांना बोलता येत होतं. मी मोबाईलवरून मशीन बंद केलं. पण तोवर बाण सुटला होता, आणि त्याच भोंग्यावरून खुलासा करायची आता आमची हिंमत नव्हती. दहा मिनिटांत अंगणात माणसं यायला लागली. खांद्यावर रुमाल, डोक्याला टोप्या, चेहरे पाडलेले. एकानं तर तिरडीला लागतात म्हणून दोन बांबू आणून गोठ्याला टेकवून ठेवले. अण्णा प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "न्हाई हो, जिते हायत, मशीनची चूक झाली." लोक मान हलवायचे, पण निघून जायचे नाहीत. लग्नघर, तोंडावर मुहूर्त, आणि बापाचं मरण नाकारणारा मुलगा. त्यांना जे कळायचं ते कळलं होतं.

मी लॅपटॉप उघडला, अण्णांची ओळ बघितली आणि माझ्या ध्यानात सगळं आलं. तरी मी काय केलं? भरल्या अंगणात बापाला म्हणालो, "अण्णा, तुम्ही कोट्स चुकीच्या ठिकाणी लावले. सगळ्या मजकुराला लावायचे असतात, किती वेळा सांगितलं." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ज्या माणसानं निम्म्या गावाला अक्षरं शिकवली, तो त्याच गावासमोर उत्तर चुकलेल्या पोरासारखा उभा होता. ते म्हणाले, "बरं. माझंच चुकलं." मला वाटलं, जीभ हासडून फेकावी. पण शब्द गेला होता, आणि अण्णा बांबू उचलून परत द्यायला निघाले होते.

दुपारच्या आत देवणीहून फोन आला. आमच्याच गावातल्या कुणीतरी भोंग्याचा आवाज रेकॉर्ड करून स्टेटसला ठेवला होता आणि तो फिरत फिरत नवरदेवाच्या चुलत्यापर्यंत गेला होता. त्या घरात त्यांचाच शब्द चालतो. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला.

"गुर्जी, तुमी शिकलेली माणसं. सुतक झाकून लगीन लावायलेत व्हय?"

अण्णा म्हणाले, "पाव्हणं, देवाशपथ, आबा खुशाल हायत. त्या कॉम्प्युटरनं अर्धंच वाक्य वाचलं."

"कॉम्प्युटर कुठं अर्धं वाचतंय? आन मरणाचं नेमकं तेवढंच वाचलं?"

मी पुढं होऊन सांगायला लागलो. तुकडे कसे पडतात, चिन्हं काय करतात. पलीकडून ते शांतपणे ऐकत होते, आणि माझं मलाच कळत होतं की हे सगळं किती बनवाबनवीचं वाटतंय. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "आमाला ते काय समजत न्हाई. आमाला आबा दाखवा. बोलताना दाखवा. न्हाईतर आमचं तुमचं मिटलं म्हणून समजा." बहीण दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं बघून हात जोडले. भावाला बहिणीनं असे हात जोडू नयेत.

काकाकडं बटणांचा साधा फोन, म्हणून मी मोटारसायकल काढली आणि नांदेड गाठलं. ऊन असं की डोळे मिटत होते. वॉर्डात काका पलंगाशेजारी पेंगत होता. सकाळी चहापुरता काढलेला मास्क परत आबांच्या नाकातोंडावर, हाताला सुई. मला बघून त्यांचे डोळे हसले. घरी काय झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी कानाशी जाऊन थोडक्यात सांगितलं. भोंग्यानं तुम्हाला मारलं, चूक माझी आहे, पाहुण्यांना पटत नाही, त्यांना तुम्ही दिसायला पाहिजे. आबांनी मास्ककडं बोट दाखवलं, की काढ.

मी व्हिडिओ कॉल लावला. एका हातानं फोन धरला, दुसऱ्या हातानं मास्क हनुवटीखाली ओढला. पडद्यावर चुलते, त्यांच्या मागं आणखी चार-पाच डोकी. "राम राम आबा," ते म्हणाले. आबांनी हात वर केला. "जरा बोला की आबा." आबा धाप खात म्हणाले, "राम राम पाव्हणं. जेवलात का?" मागून कुणीतरी पुटपुटलं, हे आधीचं शूटिंग असंल. चुलत्यांनी विचारलं, "आबा, आज वार कोणता?" आबांनी सांगितला. "सुपारीच्या दिवशी आमच्याकडं पंगतीला गोड काय होतं?"

आबांनी आयुष्यात कुणापुढं मान वाकवली नाही. तलाठ्यापुढं नाही, पुढाऱ्यापुढं नाही. गावात भांडण लागलं की यांचा शब्द शेवटचा धरायचे. तो माणूस उघड्या तोंडानं हवा ओढत, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला म्हणून, सांगत होता, "बुंदी व्हती. आन वरण जरा आळणी व्हतं, पर मी बोललो न्हाई." पलीकडं हशा झाला. चुलतेही हसले. म्हणाले, "बास आबा, बास. पटलं. माफी असावी. लगीन ठरल्यापरमाणं." सिस्टर धावत आली, मला नको नको ते बोलली आणि मास्क परत लावला. मी फोन बंद करून गादीवर ठेवला.

मी काकाला चहा पिऊन ये म्हणालो आणि स्टुलावर बसलो. लग्न वाचलं होतं. घरी फोन करून सांगितलं, तर आईचा हुंदका ऐकू आला. मी आबांचे पाय दाबायला लागलो. जरा वेळानं त्यांनी स्वतःच मास्क बाजूला सरकवला.

"लई मोठ्यानं सांगितलं का रं?"

"हाव आबा. तीन वेळा."

"बरं झालं," ते म्हणाले. मला वाटलं, चेष्टा करतात. पण त्यांचा चेहरा खुलला होता. ते हळूहळू, थांबत थांबत सांगायला लागले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या एका चुलत्याच्या डोक्यावर कावळा बसला होता. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण आलं, असं मानायचे. त्यावर तोड एकच. मेल्याची खोटी खबर सोयऱ्याधायऱ्यांत धाडायची. लेकी-बहिणी रडत, ऊर बडवत यायच्या, आणि त्या रडल्या की वरचा हिशेब फिटायचा, माणसाचं आयुष्य वाढायचं. तो चुलता पुढं नातवंडांची लग्नं करून गेला. "पर खरं रडाव लागतंय," आबा म्हणाले. "खोटं रडून चालत न्हाई."

मग त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "कोण कोण रडलं रं?"

मी म्हणालो, "सगळेच."

"सगळे म्हंजी कोण? नीट सांग. तुजा बाप?"

"अण्णांना माहीत होतं आबा, की तुम्ही बरे आहात. ते पळत सुटले."

"आन तुजी माय?"

"ती... तिला काही सुचेना."

"तू?"

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. आवाज किती स्वच्छ आला, असं मनात आलं हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आबा वाट बघत होते. त्यांना मोजायचं होतं, आपल्या वाट्याला किती आलं ते. इतक्या वर्षांचा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत एवढंच, की कुणाचं तरी नाव निघावं. त्यांनीच शेवटी विचारलं, "पोरगी तरी?"

"हाव आबा," मी म्हणालो. "ती लई रडली. भिंतीला टेकून, तोंडात ओढणी कोंबून रडली. सकाळपासून जेवली पण न्हाई."

यातला शब्दन् शब्द खरा होता. आबांनी डोळे मिटले आणि डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडं गेलं. काका चहा पिऊन आला तर त्यालाही त्यांनी सांगितलं, सिस्टरलाही सांगितलं, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यालाही सांगितलं, की माझी नात माझ्यासाठी लई रडली. दरवेळी मला साक्षीला घेत होते, आणि दरवेळी मी मान डोलावत होतो.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते मशीनचं. माझी ती चार वाकडी वाक्यं पुसून टाकली आणि तयार हत्यार लावलं. आता ओळीत एक तुकडा जरी जास्त निघाला किंवा चिन्ह जुळलं नाही, तरी मशीन बोलतच नाही. मला कळलं नाही, पुन्हा लिहा, असा निरोप पाठवणाऱ्याला परत जातो. अण्णांना मी सांगितलं, की चूक तुमची नव्हती, तुमची ओळ बरोबर होती. ते "असू दे" म्हणाले. त्यांनी त्यानंतर भोंग्यावर एकही सूचना पाठवली नाही. एवढंच नाही, मोबाईलवर मेसेज लिहितात त्यातही आता कुठलंच चिन्ह देत नाहीत. स्वल्पविरामसुद्धा नाही. मला तो मेसेज आला की वाचवत नाही.

आबा बरे झाले. डॉक्टरांनी नको नको म्हटलं तरी लग्नाला आलेच. जीपमधून उतरवून आम्ही त्यांना खुर्चीसकट मांडवात आणलं, शाल पांघरून नवरीच्या बाजूला बसवलं. मी खुर्ची धरून मागं उभा. ज्याला त्याला आबांशी बोलायचं होतं, नवरदेवाच्या चुलत्यांनी तर पायच धरले. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि पाठवणीची वेळ आली.

बहीण पाया पडायला वाकली. आबांनी तिचा हात धरला आणि पाहुण्यांकडं बघून म्हणाले, "ही माजी नात. मी गेलो आसं ऐकून ही येवडी रडली, की यमानं सोडलं मला. हिच्यामुळं हाय मी." बायांनी तोंडाला पदर लावला. चुलते म्हणाले, "भाग्य लागतंय आबा असं."

तिनं वर बघितलं, आबांच्या डोक्यावरून थेट माझ्याकडं. हे कुणी सांगितलं ते तिला कळलं. मी नजर खाली घातली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, चेहरा पांढराफटक. ती आबांच्या गुडघ्याशी खाली बसली आणि एवढ्या हळू बोलली, की मागं उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आबा, मी तेव्हा... ते रडणं तुमच्यासाठी..."

आबांनी सुई टोचून काळानिळा झालेला तो हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"कशापायी का असंना," ते म्हणाले. "घरातलं कुणीतरी रडलं. बास झालं मला."

मग त्यांनी मान मागं वळवून माझ्याकडं बघितलं. खुर्चीची पाठ मी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती सोडून मला कुठं जाता येत नव्हतं.